फोनची साक्ष: तपासणार कोण, आणि कुणाच्या सांगण्यावरून?

सौंदड हे सडक अर्जुनी तालुक्यातलं महामार्गावरचं गाव. राष्ट्रीय महामार्ग ५३ इथून जातो, गोंदिया–बल्लारशा मार्गावरचं रेल्वे स्टेशन आहे, आणि झाडीपट्टीतल्या कुठल्याही मोठ्या गावासारखी इथलीही बरीच देवघेव शब्दावर चालते. तो शब्द आता फोनमध्ये साठून राहतो, एवढाच काय तो बदल. धानाचा भाव व्हॉट्सॲपवर ठरतो, चुकारे फोनपेवर येतात, शेताच्या इसाराचा फोटो भावकीच्या ग्रुपवर पडतो, आणि सोयरीक मोडायची वेळ आली की दोन्हीकडची माणसं आधी जुनी रेकॉर्डिंग शोधू लागतात.

समजा, एका शेतकऱ्यानं खरिपाचं धान व्यापाऱ्याला दिलं. पावती नाही. व्यापाऱ्याचा व्हॉइस मेसेज तेवढा आहे: ‘भाऊ, होळीपर्यंत थांब, पुरे पैसे देतो.’ होळी गेली, पैसे आले नाहीत, वकिलाची नोटीस गेली. उत्तर आलं की आवाज माझा नाही. असला तर तो वेगळ्या व्यवहाराचा आहे. आणि मधले मेसेज यानं पुसून टाकलेत. तिन्ही बचाव एकदम. असे बचाव घेण्यात बेकायदा काही नाही, वकील ते घेणारच. पण आता आवाज कुणाचा, मेसेज कोणत्या तारखेचा आणि मधलं काही गाळलंय का, हे सांगणारा तिसरा माणूस लागतो. तो कुठून आणायचा, त्याला काय विचारायचं आणि त्याचं म्हणणं न्यायालयात कितपत टिकतं, याचा हा आढावा.

लोकांची समजूत अशी की सगळं यंत्रावर आणि तज्ज्ञाच्या नावलौकिकावर अवलंबून असतं. गेल्या काही वर्षांतले निकाल आणि गाजलेली प्रकरणं पाहिल्यावर मला वाटतं, बहुतेक गोष्टी त्याआधीच ठरून जातात. वाद सुरू झाला त्या आठवड्यात फोनचं काय केलं गेलं, आणि तपासणाऱ्याला प्रश्न कुणी लिहून दिला, या दोनच बाबी अहवालाचं वजन ठरवतात.

न्यायालयांना हा प्रश्न नवा नाही, आणि महाराष्ट्राला तर मुळीच नाही. मुंबईचे तेव्हाचे कॉरोनर मलकानी यांच्यावरच्या लाचेच्या खटल्यात टेलिफोनवरचं बोलणं पोलिसांच्या टेपरेकॉर्डरवर घेतलं होतं. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती टेप ग्राह्य धरली. आवाज ओळखता आला पाहिजे, रेकॉर्डिंग अचूक असल्याचं सिद्ध झालं पाहिजे, त्यात फेरफार नसल्याची खात्री पटली पाहिजे, या कसोट्या तेव्हापासून रुळल्या. टेपची फीत जाऊन फोन आला तरी व्यापाऱ्याच्या व्हॉइस मेसेजला आजही त्याच कसोट्या लागतात.

मग माहिती तंत्रज्ञान कायद्यामुळे २००० साली पुरावा कायद्यात ६५ब हे कलम आलं आणि प्रमाणपत्राचा घोळ सुरू झाला. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर ती कुठल्या यंत्रातून, कशी निघाली हे सांगणारं प्रमाणपत्र जोडा, असं ते कलम सांगत होतं. ते सक्तीचं आहे असं सर्वोच्च न्यायालय २०१४ मध्ये म्हणालं, २०१८ मध्ये दुसऱ्या खंडपीठानं त्यात ढील दिली, आणि शेवटी २०२० मध्ये गाठ सुटली ती जालन्याच्या प्रकरणात.

ते प्रकरण मुळातून समजून घेण्यासारखं आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्जुन खोतकर अवघ्या २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं, खोतकरांचे उमेदवारी अर्ज दुपारी ३ ची मुदत टळून गेल्यावर दाखल झाले. पुरावा होता निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण. त्याच्या सीडी मिळाल्या, पण सोबतचं प्रमाणपत्र अधिकारी देईनात. मागून मागून दमले तरी देईनात. औरंगाबाद खंडपीठानं अधिकाऱ्यांच्या साक्षीवरच काम भागवलं आणि २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयानं १४ जुलै २०२० रोजी निकाल देताना प्रमाणपत्र सक्तीचंच ठेवलं. पण ज्यानं ते मिळवायला शक्य ते सगळं केलं आणि ज्याच्या हाती यंत्र आहे त्यानंच दिलं नाही, त्याला त्याची शिक्षा नको, असंही सांगितलं. आपल्या विषयाला त्याहून महत्त्वाची एक गोष्ट त्या निकालात आहे. मूळ यंत्रच न्यायालयात आणलं, आणि ते माझं आहे, मी वापरतो, असं मालकानं पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं, तर प्रमाणपत्राची गरजच नाही. लॅपटॉप, टॅब्लेट, अगदी मोबाइल फोनसुद्धा, असं तिथे नाव घेऊन म्हटलंय.

म्हणजे त्या शेतकऱ्याचा सगळ्यात भक्कम पुरावा त्याच्या खिशातच आहे. आणि नेमका तोच तो चौकातल्या मोबाइलच्या दुकानात घेऊन जातो.

इथे थोडं थांबायला हवं. पुसलेले मेसेज परत आणून दे म्हणून माणूस दुकानात जातो. दुकानदार भला असतो, ओळखीचा असतो. तो कुठलंतरी रिकव्हरीचं ॲप टाकतो, ते नवीन फाइली लिहितं, आणि पुसलेल्या मजकुराची जी काही शिल्लक होती तीवर त्या फाइली जाऊन बसतात. फोन अडकला की तो ‘सॉफ्टवेअर मारतो’. झालं, मागचं सगळं साफ. कुणी व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाकतं, कुणी नवा फोन घेऊन जुना एक्स्चेंजमध्ये देऊन टाकतं. पुढे तज्ज्ञ कितीही मोठा आणला तरी जे उरलंच नाही ते त्याला दिसणार नाही. ‘शंभर टक्के रिकव्हरी’ अशी पाटी लावणाऱ्याकडे फोन देऊ नये, मग ती पाटी सौंदडात असो की नागपुरात.

उलट बाजूनं, काही गोष्टी फोन स्वतःहून सांभाळतो. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप सहसा रोज पहाटे २ वाजता फोनमध्येच एक बॅकअप घेतं आणि साधारण शेवटच्या सात दिवसांचे ठेवतं. काल पुसलेला मेसेज परवाच्या बॅकअपमध्ये असू शकतो. पंधरा दिवसांनी मात्र तो तिथूनही गेलेला असतो. पाठवणाऱ्यानं चोवीस तासांचा, सात दिवसांचा किंवा नव्वद दिवसांचा ‘गायब होणारा’ मेसेज लावला असेल तर घड्याळ आणखी वेगानं चालतं. म्हणून वाद दिसू लागल्याबरोबर फोन वापरातून काढावा, एअरप्लेन मोडवर टाकावा, पासवर्ड लिहून ठेवावा, सिम दुसऱ्या साध्या फोनमध्ये घालावं, आणि मूळ फोन कुणाच्या समक्ष कधी कपाटात ठेवला याची दोन ओळींची नोंद सहीनिशी करावी. दुसरा फोन घ्यायचा खर्च होतो, खरं. पण त्याच नव्या फोनवर व्हॉट्सॲप सुरू केलं की जुन्यावरचं बंद पडतं, हेही लक्षात असू द्यावं. आधी वकिलाला विचारावं, मग हात लावावा.

आता तपासणी म्हणजे प्रत्यक्षात काय होतं ते पाहू. सगळ्यात वरवरची पद्धत म्हणजे पडद्यावर दिसतं त्याचे फोटो. वकिलाच्या फाइलीत लागणारे स्क्रीनशॉट ते हेच. खोटी चॅट बनवून देणारी ॲप फुकट मिळतात, आणि नंबर सेव्ह करताना नाव बदललं की खरा मेसेजसुद्धा भलत्याच्या नावानं दिसतो, म्हणून स्क्रीनशॉटवर आक्षेप येतोच. व्हॉट्सॲपमधून ‘एक्स्पोर्ट’ केलेली चॅट ही साधी मजकुराची फाइल असते, ती कुणीही उघडून शब्द बदलू शकतो. त्याच्या खालच्या थरात फोनच्या यंत्रणेकडे मागून मिळणारी माहिती, त्याखाली पूर्ण फाइल व्यवस्थेची प्रत. व्हॉट्सॲपचे मेसेज एका डेटाबेसमध्ये राहतात आणि तिथे प्रत्येक मेसेजला स्वतःचा ओळखक्रमांक असतो. तो पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनवर एकच असतो. दोन्ही फोन मिळाले तर खोटेपणाला जागा फारच थोडी उरते. एकच मिळाला तर निदान मधले क्रम, वेळा आणि गाळलेल्या जागा तपासता येतात. व्यापाऱ्याच्या ‘यानं मधलं पुसलं’ या बचावाला खरं उत्तर याच थरात सापडतं, स्क्रीनशॉटमध्ये नाही.

पोलिसांच्या प्रयोगशाळांत इस्रायलच्या सेलेब्राइटसारखी यंत्रं कुलूपबंद फोन उघडायला वापरतात, त्याची चर्चा खूप होते. खासगी वादात त्यांचा फारसा संबंध येत नाही, कारण फोनचा मालक स्वतः पासवर्ड देत असतो. तसाही नव्या आयफोनमध्ये २०२४ पासून, आणि नंतर अँड्रॉइडमध्येही, तीन दिवस न उघडलेला फोन आपोआप पुन्हा सुरू होतो आणि मग पासवर्डाशिवाय तो उघडणं फार अवघड जातं. पासवर्ड विसरू नका, एवढाच त्यातला आपल्यापुरता धडा.

हॅश ही दुसरी गोष्ट, जिचा उच्चार न्यायालयात आता रोज होतो. एखाद्या फाइलीवर गणित चालवून निघालेला ठसा म्हणजे हॅश. एसएचए-२५६ या पद्धतीत तो ६४ अक्षर-अंकांचा असतो. फाइलीत एक स्वल्पविराम बदलला तरी सगळा ठसा बदलतो. पण इथे वकील मंडळींची एक गफलत होते. चालू फोन कधीच स्थिर नसतो. नुसता सुरू केला तरी त्यात नोंदी पडतात. म्हणून त्याच फोनची आज आणि उद्या घेतलेली पूर्ण प्रत जुळणार नाही, आणि तेवढ्यावरून फेरफार झाला असं म्हणता येत नाही. ठसा जुळवायचा तो काढलेल्या प्रतीचा, किंवा त्या एका व्हॉइस मेसेजच्या फाइलीचा.

अहवाल वाचताना आणखी एक खोच. यंत्रं अनेकदा वेळ जागतिक प्रमाणवेळेत छापतात आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. रात्री १ वाजून १० मिनिटांनी आलेली धमकी अहवालात आदल्या तारखेच्या संध्याकाळी ७ वाजून ४० मिनिटांवर दिसते. त्या संध्याकाळी आरोपी लग्नात पन्नास माणसांत बसलेला असतो, आणि उलटतपासणीत सगळी फिर्याद ढासळते. अहवाल हाती आल्यावर पहिली नजर वेळेच्या पट्ट्याकडे जावी.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि ६५बच्या जागी कलम ६३ आलं. त्याच्या परिशिष्टात प्रमाणपत्राचा छापील नमुनाच दिलाय. त्याचे दोन भाग आहेत: अ भाग पक्षकारानं भरायचा, ब भाग तज्ज्ञानं. यंत्राचा प्रकार, बनावट, मॉडेल, रंग, अनुक्रमांक, आयएमईआय क्रमांक, हॅश आणि तो कुठल्या पद्धतीनं काढला, सगळ्यासाठी रकाने. फोनचा रंगसुद्धा विचारणारा हा कायदा पाहून हसू येतं. पण पंचनाम्यात काळा आणि प्रमाणपत्रात निळा फोन असल्यावर काय होतं ते ज्यांनी पाहिलंय ते हसणार नाहीत. अडचण ब भागाची आहे. तिथे सही करणारा तज्ज्ञ कोण, यावर वकिलांत एकमत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९अ खाली केंद्र सरकारनं अधिसूचित केलेले परीक्षक तज्ज्ञ आहेतच. पण दोन मेसेजांसाठी दिवाणी दावा लावणाऱ्या प्रत्येक माणसानं त्यांच्यापर्यंत पोचावं ही अपेक्षा गोंदिया जिल्ह्यात बसून वाचली की कायदा दिल्लीत लिहिला गेल्याचं जाणवतं. आधीपासून चालू असलेल्या खटल्यांना जुनाच कायदा लागतो, म्हणून काही वर्षं दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी चालणार.

मग तपासणार कोण? फौजदारी गुन्हा असेल तर फोन डुग्गीपारसारख्या ठाण्यातून जप्त होऊन सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो. मुख्यालय मुंबईला कालिन्याला, आपल्यासाठी प्रादेशिक प्रयोगशाळा नागपूरला. तिथे साधारणपणे पोलिसांकडून किंवा न्यायालयाकडून आलेलीच वस्तू घेतली जाते. आपण पिशवीत फोन घालून दारात उभे राहिलो तर उपयोग नाही. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जायचं, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७६ सांगतं, त्यामुळे या प्रयोगशाळांवरचा भार वाढणारच आहे. धानाच्या चुकाऱ्याचा वाद त्या रांगेत कुठे उभा राहणार?

दुसरी वाट खासगी तज्ज्ञाची. मुंबई-पुण्यात असे आहेत, परवडत असेल तर कुणीही नेमू शकतो, आणि न्यायालय त्यांची साक्ष ऐकतंही. पण पैसे देणाऱ्याचा तज्ज्ञ हा शिक्का पुसत नाही. उलटतपासणीतला पहिला प्रश्न फीचा असतो.

तिसरी वाट मला सगळ्यात मोलाची वाटते, आणि ती नव्या कायद्यात नाहीच. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ मध्ये १९७६ च्या दुरुस्तीनं नियम १०अ घातला गेला: दाव्यातल्या एखाद्या मुद्द्याला शास्त्रीय तपासणी लागत असेल आणि ती न्यायालयासमोर सोयीनं करता येत नसेल, तर न्यायालय योग्य वाटेल त्या व्यक्तीला कमिशन देऊन अहवाल मागवू शकतं. जमीन मोजायला कोर्ट कमिशनर येतो हे खेड्यातल्या माणसाला ठाऊक असतं. फोनसाठीही तसाच कमिशनर मागता येतो. तो कुणा एकाचा नसतो. त्याचा अहवाल दाव्याच्या कागदपत्रांचा भाग होतो, त्याला दोन्ही बाजू प्रश्न विचारू शकतात, आणि खर्च कुणी आधी भरायचा हे न्यायालय ठरवतं. स्वतंत्र तपासणीचा अर्थ मी तरी असाच घेतो.

यावर विरोधी वकिलाचा ठरलेला आक्षेप असतो: पुरावा गोळा करून देण्यासाठी कमिशन नाही. आक्षेप खोटा नाही. ‘प्रतिवादीचा फोन तपासून काय मिळतं ते पाहावं’ असा अर्ज फेटाळला जाणंच योग्य. त्या फोनमध्ये त्याच्या बायकोचे फोटो आहेत, बँकेचे व्यवहार आहेत, दुसऱ्या गिऱ्हाइकांची नावं आहेत. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानंतर खासगीपणा मूलभूत हक्क आहे आणि न्यायालयं तो गांभीर्यानं घेतात. म्हणून प्रश्न अरुंद हवा. या दोन नंबरांमधले, या तारखेपासून त्या तारखेपर्यंतचे मेसेज. त्यातला हा व्हॉइस मेसेज मूळ आहे का, पुढे ढकललेला आहे का, कुठे कापलेला दिसतो का. या काळात चॅटमधून काही पुसल्याच्या खुणा आहेत का. बाकी काही उघडायचं नाही, उघडावं लागलं तर अहवालात छापायचं नाही, आणि काम संपल्यावर प्रती न्यायालयाच्या हुकमाप्रमाणे नष्ट करायच्या. इतका नेमका अर्ज फेटाळताना न्यायाधीशालाही कारणं लिहावी लागतात. समोरच्यानं हुकूम होऊनही फोन दिला नाही, तर तो पुरावा त्याच्या विरुद्धच गेला असता असं अनुमान न्यायालय काढू शकतं. अर्थात काढेलच असं नाही.

आवाजाचा मुद्दा वेगळा. फोनमधली फाइल अस्सल असली तरी बोलणारा कोण हे त्यातून कळत नाही. त्यासाठी आवाजाचा नमुना घेऊन ताडून पाहावं लागतं. फौजदारी प्रकरणात दंडाधिकारी तसा नमुना देण्याचा हुकूम करू शकतात, हे २०१९ च्या रितेश सिन्हा निकालानं ठरवलं आणि आता नागरिक सुरक्षा संहितेत तशी तरतूद आहे. आवाजाची हुबेहूब नक्कल करणारी यंत्रं फोनवर आल्यापासून ‘हा माझा आवाज नाही’ म्हणणाऱ्याला थोडं अधिक ऐकून घ्यावं लागतं, आणि त्याचा गैरफायदाही घेतला जातो.

स्वतंत्र तपासणीची ताकद आणि मर्यादा दोन्ही दाखवणारं सगळ्यात मोठं प्रकरण आपल्याच राज्यातलं आहे. भीमा कोरेगाव खटल्यात नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग आणि दिल्लीचे रोना विल्सन यांच्या संगणकांतून मिळालेली पत्रं हा फिर्यादी पक्षाचा मोठा आधार. गडलिंगांच्या घरी एप्रिल २०१८ मध्ये झडती झाली, जूनमध्ये अटक. पुढे बचाव पक्षाला न्यायालयामार्फत त्या साहित्याच्या प्रती मिळाल्या आणि त्या अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेकडे गेल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आलेल्या तिच्या अहवालानुसार विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये नेटवायर नावाच्या घुसखोर सॉफ्टवेअरमधून कागदपत्रं पेरली गेली होती. गडलिंगांच्या संगणकाबाबतही तसाच निष्कर्ष निघाला. तपास यंत्रणेनं तो मानला नाही. फोनच्या दृष्टीनं लक्षात घेण्याजोगं असं की विल्सन यांच्या लॅपटॉपवर पडून असलेल्या आयफोनच्या जुन्या बॅकअपमधून पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या खुणा निघाल्याचं त्याच वर्षाच्या शेवटी जाहीर झालं. फोन हाती नसताना त्याची जुनी प्रत बोलली. पण हे अहवाल साक्षीपुराव्याच्या कसोटीवर लागण्याआधीच वर्षं उलटली. विल्सन यांना मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये जामीन दिला तो लांबलेल्या कैदेच्या कारणावरून. अहवाल खरा की खोटा हा प्रश्न तिथे सुटला नाही. खासगी अहवाल कितीही तगडा असो, खटला उभा राहीपर्यंत तो फाइलीतच राहतो.

पेगॅससच्याच वादात सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये स्वतःची तांत्रिक समिती नेमली, निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली. तिघा तज्ज्ञांत आयआयटी मुंबईचे अश्विन गुमास्ते होते. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयानं सांगितलं, २९ फोन तपासले, पाचांत काहीतरी घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगॅससच होतं असं म्हणता आलं नाही. देशातल्या सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या माणसांनाही ‘ठामपणे सांगता येत नाही’ असं उत्तर द्यावं लागतं. माझ्या लेखी ती समितीची नामुष्की नव्हती. खऱ्या तज्ज्ञाची ओळख तीच. दोन मेसेज पाहून शंभर टक्के खात्री देणाऱ्यापासून मात्र दूर राहावं.

आरोपीच्या बाजूचा हक्क केरळच्या एका खटल्यानं पक्का केला. अभिनेत्रीवरील अत्याचाराच्या प्रकरणात मेमरी कार्डातला मजकूर हा दस्तऐवज आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०१९ मध्ये ठरवलं. एरवी अशा मजकुराची प्रत आरोपीला मिळायला हवी. इथे पीडितेच्या खासगीपणासाठी प्रत न देता आरोपी, वकील आणि त्यांच्या तज्ज्ञाला फक्त पाहायची मुभा दिली, शिवाय केंद्रीय प्रयोगशाळेसारख्या स्वतंत्र संस्थेचं दुसरं मत घ्यायची सोय ठेवली. त्याच कार्डाचा हॅश न्यायालयाच्या ताब्यात असताना बदलल्याचं पुढे प्रयोगशाळेला आढळलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाला चौकशीचा हुकूम द्यावा लागला. लाखेच्या मोहरेखाली ठेवलेली वस्तूही कुणीतरी उघडली होती, आणि ते मोहरेनं नव्हे तर हॅशनं कळलं. ताब्याची साखळी म्हणतात ती इतकी नाजूक असते. इंग्लंडमध्ये २०१७ मध्ये एका विद्यार्थ्यावरचा बलात्काराचा खटला अचानक कोसळला, कारण पोलिसांनी तक्रारदाराच्या फोनमधून काढलेले सुमारे ४०,००० मेसेज आरोपीच्या वकिलाला दिलेच नव्हते. ते वाचल्यावर खटला मागे घेतला गेला. फोन उघडला होता, माहिती काढली होती, पण त्यात शोधायचं काय हे एकाच बाजूनं ठरवलं होतं.

आता घरातली भांडणं. माझ्या मते खेड्यात स्वतंत्र तपासणीची गरज सगळ्यात जास्त इथे पडेल. पतीनं पत्नीचं, पत्नीनं पतीचं चोरून केलेलं रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या दाव्यात घेता येतं, असं सर्वोच्च न्यायालयानं १४ जुलै २०२५ रोजी विभोर गर्ग प्रकरणात सांगितलं. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाचा उलटा निकाल त्यानं फिरवला. हा निकाल ऐकून कुणी बायकोच्या फोनमध्ये हेरगिरीचं ॲप टाकायला निघाला तर त्यानं आधी माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ४३ आणि ६६ वाचावीत. आपलं बोलणं आपल्या फोनवर घेणं आणि दुसऱ्याच्या फोनमध्ये शिरणं यांत तुरुंगवासाचं अंतर आहे. आणि रेकॉर्डिंग ग्राह्य धरलं म्हणजे ते खरं ठरलं असंही नाही. कापलेलं आहे का, कोणत्या तारखेचं आहे, हे प्रश्न तिथेही उभेच राहतात.

खासगी तज्ज्ञ नेमायचाच झाला तर त्याच्याशी पत्रानं ठरवून घ्यावं. फोनची ओळख आयएमईआयसकट; फोन कुणी कुणाला कधी दिला याची सही; दोन प्रती, एक सीलबंद आणि एक कामाची; दोन्हींचे हॅश त्याच दिवशी, दोन साक्षीदारांसमोर; काय तपासायचं आणि काय तपासायचं नाही; निकाल आपल्या विरुद्ध गेला तरी पूर्ण अहवाल; आणि न्यायालयात साक्षीला यायची तयारी. शेवटच्या अटीवर बरेच जण अडखळतात. गोंदियाला कोण येणार, हा त्यांचा प्रश्न असतो. आता व्हिडिओ कॉन्फरन्सिंगनं साक्ष होऊ शकते, त्यामुळे ती सबब पूर्वीइतकी चालत नाही. जो तज्ज्ञ पिंजऱ्यात उभं राहायला तयार नाही त्याचा अहवाल नोटिशीला उत्तर म्हणून शोभेल, पुरावा म्हणून नाही.

आणि सगळ्याच वादांना हे सगळं लागत नाही. फोनपेचे पैसे गेले-आले हे बँकेच्या प्रमाणित उताऱ्यावरून सिद्ध होतं, फोन उघडायची गरज नाही. कुणी कुणाला कधी कॉल केला, हे मोबाइल कंपनीच्या नोंदींत असतं. त्या नोंदी निदान दोन वर्षं ठेवण्याची अट २०२१ पासून आहे, पण त्या न्यायालयामार्फतच मागाव्या लागतात आणि मुदत टळण्याआधी मागाव्या लागतात. व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस पोचली का, यासाठी मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये निळ्या खुणांचाही आधार घेतला. खरं तर व्यापाऱ्यानं लेखी उत्तरात आवाज आपला असल्याचं कबूल केलं तर अर्धी तपासणी तिथेच संपते. म्हणून चांगला वकील आधी समोरच्याला कबुली की नाकबुली असं लेखी विचारतो, आणि जे नाकारलं जाईल तेवढ्यापुरतंच कमिशन मागतो.

उरतो खर्च. कमिशनरच्या कामाची रक्कम न्यायालय सहसा अर्ज करणाऱ्याला आधी भरायला लावतं, आणि तिथेच पुष्कळ अर्ज मरतात. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिला, अनुसूचित जाती आणि जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत मदत मिळते, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. ही मदत म्हणजे फक्त वकील असं सगळे धरून चालतात. कोर्ट फी आणि साक्षीदारांचा खर्चही त्यात येतो. तपासणीच्या कमिशनची रक्कम त्याच हिशोबात धरावी, अशी मागणी गोंदियाच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्जात वेगळी ओळ लिहून करता येते. वकीलपत्र देतानाच ती ओळ लिहून घ्यावी, तारीख लागल्यावर नव्हे.